निकाल नंतर सांगा, आधी साखळी दाखवा

मार्च २०२५ मध्ये एक बातमी फिरली होती, आठवत असेल. डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं पसरणं वाढत्या वेगाने ढकलणारं जे काही अदृश्य आहे ते, म्हणे कमजोर पडत चाललीये. ती बातमी मराठीत माझ्यापर्यंत तीन-चार रूपांत पोचली, एकात आइन्स्टाइन चुकला होता, दुसऱ्यात आइन्स्टाइनची चूकच बरोबर निघाली होती, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डमध्ये तर विश्व आता उलटं फिरून आकसायला लागणार होतं, खाली हात जोडलेले तीन इमोजी. काकांनी त्यावर "हरी ओम" लिहिलं आणि विषय संपला.

यातल्या एकाही ठिकाणी हे नव्हतं की मोजलं काय आणि कसं. आणि माझी तक्रार तेवढीच आहे. पत्रकारांना झोडपायचं नाहीये मला, त्यांना रात्री दहाला पान सोडायचं असतं, आणि इंग्रजीत पण फार वेगळं काही चाललेलं नसतं. पण आपल्याकडे विज्ञानाची बातमी म्हणजे निकाल, हे इतकं पक्कं बसलंय की मोजमाप हा बातमीचा कंटाळवाणा भाग समजून आधी तोच कापला जातो. या विषयात तर मोजमाप हीच बातमी आहे, आणि निकाल अजून लागलेलाच नाहीये.

आमच्या गावाकडे बांधावरून भांडण झालं की शेवटी मोजणी मागवतात. आजोबा सांगायचे, मोजणीवाला आला की भांडणारे दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. साखळी कुठल्या खुणेपासून लावली, झोळ पडलाय का, कडी झिजून साखळी लांबलीये का. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही तोंडपाठ. कागद हातात यायला महिने लागायचे पण मोजणी कशी झाली यावर पारावर त्याच संध्याकाळी वाद सुरू. म्हणजे मोजमापात आपल्या लोकांना रस नसतो हे मला कोणी सांगू नये.

तर या बातमीतली साखळी काय होती ते आधी सांगतो, मग भांडू.

विश्व अगदी तरुण असताना सगळीकडे एक तापलेली लापशी होती, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रकाश, सगळं एकमेकांत अडकलेलं. प्रकाशाला मोकळं पळता येत नव्हतं, दोन पावलं गेला की इलेक्ट्रॉनला धडक. जिथे कुठे माल जरा दाट होता तिथे गुरुत्व आत ओढायचं आणि अडकलेल्या प्रकाशाचा दाब बाहेर ढकलायचा, आणि या ओढाताणीतून लाट निघायची, ध्वनीची लाट, हवेत निघते तशीच, फक्त वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त. ही लाट साधारण ३ लाख ८० हजार वर्षं बाहेर बाहेर पसरत राहिली. मग तापमान उतरलं, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन अणू बनले, प्रकाश सुटला आणि निघून गेला. दाबच गेला म्हटल्यावर लाट होती तिथे थिजली. म्हणजे मध्यभागी थोडा माल आणि त्याच्याभोवती ठराविक अंतरावर एक कवच, तिथेही नेहमीपेक्षा किंचित जास्त माल. पुढे या जास्तीच्या मालातून जास्तीच्या दीर्घिका तयार झाल्या. (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी. शब्द चांगला आहे, वापरून बघा, दोनदा उच्चारला की जीभ सरावते.)

त्या वेळी कवचाची त्रिज्या साडेचार लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होती. इथे हुशार वाचक म्हणेल की अहो, प्रकाशापेक्षा हळू चालणारी लाट ३ लाख ८० हजार वर्षांत साडेचार लाख प्रकाशवर्षं कशी गेली? जाते, कारण ती चालत असताना खालची जमीनही ताणली जात होती. त्यानंतरही जमीन ताणतच राहिली, हजारएक पटीने, आणि आज ती त्रिज्या झाली साधारण ४८ कोटी प्रकाशवर्षं. ही आपली साखळी. नाव आहे बॅरिऑन अकूस्टिक ऑसिलेशन, पण हे नाव वाचून कोणी पुढे वाचत नाही, म्हणून मी आपलं साखळीच म्हणणार.

अशी लाट असणार हे आंद्रेई साखारोव यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं, तेच ते, हायड्रोजन बॉम्बवाले आणि नंतर शांततेचं नोबेल मिळालेले. मग १९७० मध्ये पीबल्स आणि यू यांनी, आणि तिकडे रशियात सुन्येव आणि झेल्डोविच यांनी सविस्तर गणित केलं. म्हणजे साखळी कागदावर होती, आकाशात सापडायला २००५ उजाडलं.

सापडली की उपयोग काय, तर हा. एखाद्या वस्तूची खरी लांबी माहीत असेल तर ती डोळ्याला केवढी दिसते यावरून ती किती लांब आहे ते कळतं, टाकीवर चढलेला माणूस लहान दिसतो तसं. जिथून प्रकाश निघून ५०० कोटी वर्षं झाली तिथली ही साखळी आकाशात साधारण चार-सव्वाचार अंशांची दिसते, म्हणजे पौर्णिमेचे आठ-नऊ चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा व्यापतील तेवढी. ११०० कोटी वर्षांपूर्वीची तीच साखळी तीन चंद्रांएवढी. आणि अगदी मागे, लाट थिजली त्या वेळच्या प्रकाशात, म्हणजे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडमध्ये, एका चंद्रापेक्षा जराशी मोठी. नऊ, तीन, एक. एकच साखळी, वेगवेगळ्या अंतरावर धरलेली. मधली कुठली साखळी अपेक्षेपेक्षा जरा मोठी किंवा लहान दिसली तर त्या काळात विश्व किती वेगाने पसरत होतं याचा हिशोब बदलतो. डार्क एनर्जीची सगळी चर्चा या चंद्रांच्या संख्येतल्या टक्का-दीड टक्का फरकावर चाललीये, आणि हे मी एकाही मराठी बातमीत वाचलं नाही.

आता अडचण अशी की आकाशाकडे बघून अशी गोल कवचं दिसत नाहीत. डबक्यावर पाऊस पडतो तेव्हा एका थेंबाची वर्तुळं ओळखता येतात का, नाही, हजारो वर्तुळं एकमेकांत मिसळलेली असतात. मग काय करायचं, तर जोड्या मोजायच्या. कुठल्याही दोन दीर्घिका घ्या, त्यांच्यातलं अंतर लिहा, मग पुढची जोडी, मग पुढची. आणि शेजारी एक खोटी यादी तयार करायची, तेवढ्याच आकाशात, पण ठिपके कसेही भिरकावलेले. दोन्ही याद्यांमधल्या जोड्यांची तुलना केली की ४८ कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर खऱ्या यादीत जोड्या किंचित जास्त निघतात. किंचित म्हणजे किती, तर खोट्या यादीत १०० असतील तर खऱ्यात १०१. त्या एका जोडीवर सगळा डोलारा.

डॅनियल आयझेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्लोन सर्व्हे नावाच्या आकाशाच्या मोठ्या मोजणीतल्या ४६,७४८ लाल दीर्घिका घेऊन ही जास्तीची जोडी दाखवली. ४६ हजार ऐकायला कमी वाटतं, पण त्यांच्या जोड्या होतात १०९ कोटी. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हेवरून शॉन कोल यांच्या टीमलाही तीच खूण मिळाली. पुढे २०१४ चं शॉ प्राइझ आयझेनस्टाइन, कोल आणि जॉन पीकॉक या तिघांना मिळालं.

पण मला बक्षिसांपेक्षा त्या ४६ हजारांची यादी कशी बनली ते जास्त आवडतं. न्यू मेक्सिकोत अपाची पॉइंटला अडीच मीटरची दुर्बीण आहे, तशी मध्यमच. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची एक चकती, लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या परातीएवढी, आणि त्या तुकड्यात जिथे जिथे दीर्घिका तिथे तिथे चकतीला भोक. भोकं सिएटलला पाडून यायची. दिवसा माणसं बसून त्या भोकांमध्ये हाताने ६४० काचतंतू खोचायची, एकेक करून, रांगोळीच्या ठिपक्यांवर बोट ठेवल्यासारखं. कुठला तंतू कुठल्या भोकात गेला हे लक्षात ठेवायची गरज नव्हती, नंतर लेझर टाकून यंत्र ते शोधून काढायचं. रात्री ती चकती दुर्बिणीला लावायची, प्रत्येक भोकातून एका दीर्घिकेचा प्रकाश तंतूत शिरणार, त्याचा वर्णपट निघणार, आणि रेषा लाल बाजूला किती सरकल्यात यावरून ती किती दूर ते कळणार. दुसऱ्या दिवशी दुसरी चकती. हे वर्षानुवर्षं. विश्वाच्या बातम्यांमध्ये आपल्याला प्रतिभावंताचा विस्कटलेल्या केसांचा फोटो दिसतो, तंतू खोचणाऱ्या माणसाची बोटं कधी दिसत नाहीत, आणि मोजणी तर त्या बोटांनी केलीये.

आता ते काम रोबो करतात. ज्या मोजणीवरून मार्चमधली बातमी आली ती डेसी नावाच्या यंत्राची, अ‍ॅरिझोनात किट पीक डोंगरावर चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर बसवलंय, डोंगर तोहोनो ओओधम या आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीचे ५,००० रोबो, प्रत्येकाच्या टोकाला एक तंतू, दोनेक मिनिटांत सगळे नव्या ठिपक्यांवर जाऊन उभे. मे २०२१ ला सर्व्हे सुरू झाला, जून २०२२ मध्ये वणवा डोंगरमाथ्यावर पोचला आणि राहण्याच्या काही इमारती जळाल्या, दुर्बीण वाचली. पहिल्या वर्षातल्या ६० लाख दीर्घिका आणि क्वेसारांवरून (क्वेसार म्हणजे खूप दूरच्या दीर्घिकांची भयंकर तेजस्वी केंद्रं) एप्रिल २०२४ मध्ये पहिले आकडे आले, तीन वर्षांचा दीड कोटीच्या जवळचा साठा मोजून मार्च २०२५ मध्ये दुसरे.

हे एवढं सगळं सांगितलं कारण आता त्या बातमीतली गफलत दाखवता येईल, नाहीतर माझाही नुसता निकालच झाला असता.

डेसीची साखळी एकटी काय म्हणते? ती म्हणते की डार्क एनर्जी स्थिर आहे असं धरलं तरी माझी मोजणी नीट बसते. हो, हेच म्हणते. "कमजोर पडतेय" ही गोष्ट येते जेव्हा तुम्ही साखळीच्या मोजणीला आणखी दोन मोजण्या जोडता, एक त्या जुन्या मायक्रोवेव्ह प्रकाशाची आणि एक फुटणाऱ्या ताऱ्यांची, म्हणजे सुपरनोव्हांची. तिन्ही एकत्र केल्या की स्थिर डार्क एनर्जीत त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि काळाप्रमाणे बदलणारी धरली की जुळतात. आता सुपरनोव्हांच्या याद्या त्या वेळी होत्या तीन. पँथिऑन प्लस नावाची यादी घेतली तर हा विसंवाद २.८ सिग्मा, युनियन ३ घेतली तर ३.८, आणि डार्क एनर्जी सर्व्हेची घेतली तर ४.२. साध्या भाषेत, नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता पहिल्या यादीत दोनशेत एक आणि तिसऱ्या यादीत ३७ हजारांत एक. विश्व तेच, साखळी तीच, फक्त तिसऱ्या साक्षीदाराचं नाव बदललं. भौतिकशास्त्रात शोध लागला म्हणायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे १७ लाखांत एक.

मग खरी बातमी काय होती? तीन मोजण्या आहेत, दोघी-दोघींचं बरंचसं जमतं, तिघींचं जमत नाही, आणि भांडण कोणाच्या बाजूने सुटेल हे तिसरीच्या नोंदी किती पक्क्या आहेत त्यावर बरंच अवलंबून आहे. सांगा, याच्यात मजा कमी आहे का? भाऊबंदकीचं प्रकरण आहे हे! मराठी वाचकाला समजणार नाही असं यात काय आहे? पण नाही, आपण आइन्स्टाइनला पास-नापास करत बसतो.

आणि डार्क एनर्जी खरंच कमजोर होत असली तरी विश्व लगेच आकसत नाही. ढकलणारा जरा कमी जोराने ढकलतोय, एवढंच. काकांना मी हे ग्रुपवर लिहिलं तर त्यांनी अंगठा दिला.

दुसरी गफलत याहून सूक्ष्म आहे आणि मला ती जास्त खटकते. विश्व आज किती वेगाने पसरतंय यावर वर्षानुवर्षं वाद आहे, मायक्रोवेव्ह प्रकाशावरून प्लँक उपग्रहाचा आकडा ६७.४ येतो (दर ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर) आणि जवळच्या ताऱ्यांवरून पायरी पायरीने गेलं की ७३ च्या आसपास. मग डेसीचा आकडा आला ६८ च्या जवळ आणि लगेच "तिसऱ्या पद्धतीनेही प्लँकच बरोबर" असं सांगितलं गेलं. पण थांबा, साखळीची लांबी आपल्याला कुठून कळली? ती आकाशात लिहिलेली नव्हती. सुरुवातीच्या त्या लापशीचं गणित करूनच काढली, म्हणजे प्लँक ज्या भौतिकशास्त्रावर उभा आहे त्याच्यावरच. भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरची साखळी आणून मोजणी केली आणि मग म्हणायचं बघा त्याचंच बरोबर निघालं. उद्या जर कळलं की त्या काळात काहीतरी आणखी चाललं होतं आणि साखळी खरं तर सहाएक टक्के आखूड आहे, तर डेसीचाच आकडा सरळ ७३ कडे सरकेल.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, साखळी आखूड असली म्हणजे मोजणी वाया जात नाही. आजोबांच्या वेळी म्हणे एकदा असंच झालं होतं, साखळीची कडी उघडून ती वीतभर लांबलेली, सगळ्यांचीच शेतं थोडी थोडी कमी भरली. पण कोणाचं कोणापेक्षा किती मोठं आणि बांध कुठे वाकतो, यात काडीचाही फरक पडला नाही. तसंच इथे. नऊ चंद्र, तीन चंद्र, एक चंद्र यांचं आपसातलं प्रमाण साखळीच्या खऱ्या लांबीवर अवलंबून नाही. म्हणून विश्वाच्या विस्ताराचा आकार कसा वळत गेला हे डेसी छातीठोकपणे सांगू शकते, आजचा वेग किती हे सांगताना तिला उसनं घ्यावं लागतं. एकाच यंत्राचं एक बोलणं पक्कं आणि दुसरं उसनं, आणि बातमीत दोन्ही सारख्याच ठळक अक्षरात. हा फरक वाचकाला कळायला काय लागतं, दोन वाक्यं.

कोणी म्हणेल हे अमेरिकेतलं यंत्र, आपला काय संबंध. संबंध आहे, आणि तो पण निकालाच्या नादात आपल्याकडे कोणाला माहीत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले वरुण साहनी, सोबत आरमान शफीलू आणि अलेक्सेई स्टारोबिन्स्की, यांनी २०१४ मध्येच पेपर लिहिला होता की याच साखळीच्या मोजणीवरून, कुठलंही ठराविक मॉडेल न धरता, डार्क एनर्जी बदलत असल्याचा पुरावा दिसतो. डेसीच्या दहा वर्षं आधी! आता इथे छाती फुगवून "पुण्याने आधीच सांगितलं होतं" असा मथळा देता येईल, आणि कोणी दिला तर मला वाईट वाटेल, कारण गोष्ट पुढे आहे. त्यांच्या युक्तिवादात मुख्य वजन होतं ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोजणीचं, दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशातल्या हायड्रोजनच्या खुणांवरून केलेल्या. त्या वेळी ती मोजणी प्लँकशी अडीच सिग्माच्या आसपास फटकून होती. ती मोजणी स्लोनचीच, पुढे त्याच सर्व्हेच्या पुढच्या टप्प्यात जास्त क्वेसार आले आणि २०२० पर्यंत ते फटकून असणं दीड सिग्मावर उतरलं. म्हणजे जवळपास मिटलं. याचा अर्थ पुण्याचे लोक चुकले असा नाही, त्यांनी दिलेली कसोटी आजही वापरतात. अर्थ इतकाच की अडीच सिग्मा हा असा पाहुणा आहे जो राहील असं वाटतं आणि सकाळी उठून बघावं तर निघून गेलेला असतो. हे एक उदाहरण २०२५ च्या बातमीशेजारी ठेवलं असतं तर वाचकाला २.८ कडे कसं बघायचं ते आपोआप कळलं असतं.

याच आयुकाचे जयंत नारळीकर आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेत राहिले, मे २०२५ मध्ये गेले. मला स्वतःला त्यांची ती बाजू पटत नाही, कारण महास्फोट नको असेल तर ही साखळी आली कुठून हे दुसऱ्या मार्गाने सांगावं लागेल, आणि ते अवघड आहे. पण त्यांनी मराठी वाचकाला शंका कशी घ्यायची ते दाखवलं, मोजणीवर बोट ठेवून.

माझ्या म्हणण्यावर येणारा सगळ्यात मजबूत आक्षेप असा की वाचकाला वेळ नाही, चार ओळींत सांगायचं तर निकालच सांगणार ना. पण क्रिकेटच्या बातमीत आपण नुसतं "भारत जिंकला" लिहून थांबतो का? कोणत्या ओव्हरमध्ये कोण आउट झाला, डीआरएसमध्ये बॉल स्टंपला किती मिलिमीटर लागत होता, अंपायर्स कॉल म्हणजे काय, हे सगळं शेंबडं पोरगं पण समजावून सांगतं. अंपायर्स कॉल ही एरर बारचीच, म्हणजे मोजणी किती इकडे-तिकडे असू शकते याचीच तर गोष्ट आहे! लोकांना अनिश्चितता कळत नाही हे साफ खोटं आहे, ती आपण विज्ञानाच्या पानावर येऊच देत नाही.

"याचा उपयोग काय" हा दुसरा आक्षेप, त्याला मी उत्तर देत नाही, वय झालं.

मला खरं खटकतं ते कॉलेजांचं. मार्च २०२५ मध्ये निकालांसोबतच डेसीने पहिल्या टप्प्याचा डेटा सगळ्यांसाठी खुला केला, १ कोटी ८७ लाख वस्तू, दीर्घिका, क्वेसार, तारे. स्लोनचा डेटा तर २००१ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत आलाय. फुकट. पासवर्ड नाही, परवानगी नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीने २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांमधला हायड्रोजन एकत्र करून मोजला, त्यासाठी त्या दीर्घिकांची अंतरं दुसऱ्यांच्या सर्व्हेतून घेतलेली होती. म्हणजे आपले संशोधक हे करतातच. पण माझी भाची बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन, तिच्या प्रॅक्टिकलमध्ये अजून न्यूटनच्या रिंगा आणि सोडियमचा दिवा. वाईट नाहीत ते प्रयोग, मीही केलेत. पण त्याचं उत्तर आधीच माहीत असतं आणि मुलं उत्तरावरून रीडिंग लिहितात, आम्हीही लिहायचो, आता कबूल करायला हरकत नाही. मग हीच मुलं पुढे बातमी लिहितात किंवा वाचतात आणि आपल्याला आश्चर्य वाटतं की ती निकालावर का उडी मारतात. आपणच शिकवलंय, आधी उत्तर, मग मोजणी.

दिवाळीत ती आली होती तेव्हा आम्ही दोघांनी माझ्या जुन्या लॅपटॉपवर स्लोनच्या पुढच्या टप्प्यातली, बॉसची, दीर्घिकांची यादी उतरवली. पहिल्या दिवशी मीच गाढवपणा केला, खोटी यादी साधी चौकोनात ठिपके टाकून बनवली, सर्व्हेने आकाशाचा कुठला तुकडा बघितलाय आणि कुठला नाही हे धरलंच नाही. जो आलेख आला त्यात विश्व नव्हतं, सर्व्हेची कड होती. भाची म्हणाली, "मामा, आपण बांध मोजला, शेत राहिलं." मग नीट, त्यांनीच दिलेली खोटी यादी वापरली, ती खऱ्या यादीपेक्षा कितीतरी मोठी असते, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी आलेख बघितला तर रेष उतरत उतरत येते आणि एका जागी, जिथे यायला पाहिजे तिथेच, छोटासा उंचवटा. आई फराळाचं ताट घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "एवढ्यासाठी रात्रभर पंखा घुर्रघुर्र करत होता?" एवढ्यासाठीच.

भाचीने विचारलं हे जर्नलमध्ये लिहिलं तर चालेल का. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. तिच्या सरांनी सांगितलं सिलॅबसमध्ये नाही. त्यांचीही चूक नाही, बाहेरचा परीक्षक आला तर ते काय दाखवणार.

पण ती थांबली नाही. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: "मामा उंचवटा परत काढला, या वेळी पूर्ण स्वतः. पण एरर बार कसा काढायचा? प्रयोग परत करून बघायला आपल्याकडे विश्व तर एकच आहे ना." मी लिहिलं की म्हणूनच ते लोक कॉम्प्युटरवर शेकडो खोटी विश्वं बनवतात, प्रत्येकात तीच मोजणी करतात आणि उंचवटा किती हलतो ते बघतात. दोन निळ्या टिका आल्या, बराच वेळ टायपिंग, टायपिंग. मग आलं: "शेकडो म्हणजे किती? माझ्याकडे हार्ड डिस्कमध्ये ४० जीबीच शिल्लक आहे."